कोकणातली जुनी जीप आणि गंज: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे. १९९६ची महिंद्रा एमएम ५४० सात-आठ वर्षं पडवीशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे आणि अधूनमधून चालते. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला भोक पडलंय, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटे जिथे टांगलेत त्या कंसापाशी, चासीचे पापुद्रे सुटतायत. एक गॅरेजवाला म्हणतो खालून टेफ्लॉन कोटिंग मारा, दुसरा म्हणतो जळकं ऑइल फवारा, तिसरा म्हणतो भंगारात घाला. तुम्हाला हवाय गंज कायमचा घालवायचा उपाय.

‘कायमचा’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. समुद्राकाठच्या तीस वर्षांच्या जीपचा गंज मुळासकट जाईल असं कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय. तुमच्यापुढे खरे प्रश्न दोन आहेत. आत्ता दिसणाऱ्या गंजातला कुठला गाडीच्या जिवावर उठलाय आणि कुठला नुसता दिसायला वाईट आहे, हा पहिला. दुसरा, पाणी आणि मीठ नेमकं कुठे अडून बसतंय. ही उत्तरं मिळाल्याशिवाय केलेला रंग, कोटिंग, ऑइल, सगळा खर्च पहिल्या दोन पावसाळ्यांत खाली गळून पडतो.

मिठाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची सगळी कामं त्याच्याभोवती फिरतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच तुमच्या चासीवर घडतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही ओलं राहतं. म्हणजे एप्रिलमध्ये अंगण कोरडं ठणठणीत असतं तेव्हाही गंजाच्या थराखालचा पत्रा ओला असू शकतो. वरून कितीही घासलं तरी हे मीठ गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी बसलेलं असतं, आणि त्यावर रंग मारला की रंगाखाली बसून ते पाणी ओढत राहतं. रंगाला बारीक फोड येतात ते यामुळे. फोड फोडून बघितलात तर आत तांबूस पाणी निघेल.

आता गाडी तपासायची कशी. साहित्य तीन गोष्टींचं: पाव किलोची हातोडी, पोती शिवायचं दाभण आणि चांगला टॉर्च. गाडी सपाट जागी चार स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चासीचे दोन्ही दांडे पुढून मागे दर दोन-तीन इंचांवर हातोडीने ठोकत जा. शाबूत पोलाद टणकन वाजतं आणि हातोडी उसळते. कुजलेल्या जागी आवाज बसका येतो, हातोडी चिकटल्यासारखी होते आणि खाली लाल ढलप्या पडतात. अशा प्रत्येक जागेवर खडूने फुली मारा. मग पत्र्याच्या सांध्यांत दाभण टोचा. मनगटाच्या जोराने दाभण आत गेलं तर तो पत्रा नाही, पत्र्याच्या आकाराचा गंज आहे.

या जीपमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल (पाट्याला हलू देणारी कडी) जिथे चासीला जोडलेत ती जागा पहिली, कारण चाकाचा चिखल थेट तिथे उडतो आणि तिथे दोन पत्रे एकावर एक आहेत. दोन पत्र्यांच्या फटीत गंज धरला की तो फुगतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळे रिबिट मारलेले जाड पत्रेही पाचर ठोकल्यासारखे एकमेकांपासून सुटतात. पापुद्रे सुटतात असं तुम्ही लिहिलंय, तिथे अशी फुगलेली फट आहे का ते कडेने पाहा. असेल तर नुसती वरून सफाई करून भागणार नाही.

दुसरी जागा तळपत्र्याखालच्या आडव्या चॅनेलची. बॉडी या चॅनेलवर बसते आणि चॅनेल बॉडी माउंटवर, म्हणजे चासीवरच्या बैठकांवर. ही गाडी ज्या अमेरिकी विलीस जीपवरून आली, तिच्या मूळ युद्धकालीन रचनेत या चॅनेलमध्ये लाकडाची पट्टी भरलेली असे, ती पाणी धरून ठेवायची. तुमच्या गाडीत लाकूड नसलं तरी चॅनेलमध्ये जांभ्याची माती गच्च बसलेली असणार आणि तीही पाणी तितकंच धरते. पायाखालचं भोक बहुधा वरून पडलेलं नाही. खालचा चॅनेल आधी गेला आणि पत्रा त्याच्यामागून गेला. त्यामुळे भोकावर वरून ठिगळ मारणं म्हणजे उंबरा कुजलेला असताना दाराला रंग देणं.

तिसरी जागा बॅटरीच्या ट्रेची. तिथे मिठापेक्षा ॲसिडचा त्रास जास्त. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून ओता, फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवा. बाकी विंडशील्डच्या चौकटीचा खालचा कोपरा, मागच्या चाकावरच्या पेट्यांचे सांधे आणि टपाच्या कांबी ज्यात बसतात ती भोकं. ही दिसायला वाईट असतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. शेवटी घ्या.

किती गेलं म्हणजे जास्त गेलं, हे गाडीवर आणि वापरावर अवलंबून आहे. माझा हिशोब असा. चासीच्या चांगल्या जागेची जाडी व्हर्नियरने मोजायची, मग शंकेच्या जागेची मोजायची. कडेला व्हर्नियर पोचत नसेल तर तीन मिलिमीटरचं भोक पाडून आत तारेचा हुक घालून मोजता येतं, ते भोक नंतर भरून घ्यायचं. एक चतुर्थांशापर्यंत जाडी गेली असेल आणि जागा हँगर, स्टिअरिंग बॉक्स किंवा क्रॉसमेंबरच्या (दोन दांड्यांमधल्या आडव्या तुळईच्या) जोडापासून लांब असेल तर साफ करून, झाकून चालवता येतं. त्याहून जास्त, किंवा या तीन जागांपैकी कुठे, तर प्लेट लागणार. दोन्ही दांडे तीन-चार ठिकाणी गेले असतील तर तिसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं मनावर घ्या, पण भंगाराआधी दुसरी चासी हाही पर्याय आहे. मात्र चासी बदलणं हे आरटीओच्या परवानगीचं काम आहे, परस्पर करायचं नाही. चासी नंबर जिथे पंच केलाय ती जागा आधी शोधा आणि तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला त्याच नंबरचं पेन्सिल ट्रेसिंग मागतात. तो भाग हाताने, बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि वर पारदर्शक ग्रीसचा हात फिरवून ठेवा.

हँगरपाशी प्लेट मारायची तर ती कशी, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. साधारण पद्धत अशी दिसते की कुजलेल्या भागावर चौकोनी तुकडा ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंगची माळ ओढतात. दिसायला भक्कम. वर्षभरात चासी त्या तुकड्याच्या उभ्या कडेलगत तडकते, कारण लवचिक दांड्यावर अचानक एक ताठ तुकडा आला आणि सगळा पीळ त्या एका उभ्या रेघेवर पडला.

त्याऐवजी आधी कुजका भाग कापून बाहेर काढायचा. गंजावर प्लेट ठेवायची नाही, नाहीतर नवी सांदट तयार होते आणि तोच खेळ पुन्हा सुरू. कापण्याआधी दांड्याला दोन्ही बाजूंनी आधार द्या आणि चासीचे कर्ण मोजून पाटीवर लिहून ठेवा. काम झाल्यावर आकडे तेच यायला हवेत. प्लेट चासीच्याच जाडीची, साध्या एचआर (हॉट रोल्ड) पत्र्याची. जास्त जाड घेतली म्हणून जास्त टिकत नाही, उलट ताठपणा वाढतो. प्लेटची टोकं माशाच्या शेपटीसारखी किंवा शंकरपाळ्यासारखी तिरपी कापा, म्हणजे वेल्डिंगची रेघ उभी न येता तिरपी पडेल. दांड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवी रेघ ओढू नका, कडेपासून दहा-बारा मिलिमीटर आत थांबा. मध्ये बारा मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडून प्लग वेल्ड करा, म्हणजे भोकातूनच वेल्डिंग भरून प्लेट खाली जोडा.

वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुढे सरकते त्या यंत्राने) झालं तर उत्तम. आर्क, म्हणजे काडीचं वेल्डिंग, असेल तर ६०१३ची ३.१५ मिलिमीटर काडी, ९० ते १२० अँपिअर. ‘७०१८ काडी जास्त मजबूत’ म्हणून आग्रह धरणारे भेटतील. ती खरंच चांगली आहे, पण ती काडी ओलावा धरते आणि भट्टीत तापवून कोरडी केल्याशिवाय वापरायची नसते. कोकणातल्या गॅरेजात फळीवर वर्षभर उघडं पडलेलं पाकीट म्हणजे सच्छिद्र वेल्डिंगची हमी. सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, अल्टरनेटरचं कनेक्शन काढा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेच्या शेजारी लावा. लांब लावलात तर करंट बेअरिंगमधून किंवा पाट्यांमधून वाट काढतो. डिझेलची टाकी काढून बाहेर ठेवा. डिझेल पेटत नाही या भरवशावर राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफ पेटते.

तळपत्र्याचं काम सोपं आहे पण चिकाटीचं. आधी चॅनेल, मग पत्रा. भोकाच्या कडेपासून चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जा, साधारण इंचभर पुढे. भोक दुपटीने मोठं झालं तर दचकू नका, ते तेवढंच होतं, दिसत नव्हतं. नवा पत्रा १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड), म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. यावर आर्क वेल्डिंग केलं तर भोकं पडतील, मिगची ०.८ मिलिमीटर तार घ्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने जाऊ नका. आधी चार कोपऱ्यांत टाके, मग त्यांच्या मधोमध, मग परत मधोमध, असं करत टाके जुळेपर्यंत. मध्ये हाताला सोसेल इतकं गार होऊ द्या, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा घेण्याचा मोह होतो, पण वेल्डिंगच्या जागचं जस्त जळतं आणि तो पांढरा धूर अंगात तापासारखा भरतो. घ्यायचाच असेल तर कडेचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा. ॲल्युमिनियमचा तुकडा रिबिट मारून बसवणं मात्र पूर्ण वर्ज्य. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून बसले की दोघांतलं एक नक्की खाल्लं जातं.

यात सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वेल्डिंगची पाठ. वरून तुम्ही घासता, प्राइमर मारता, सगळं छान दिसतं. खालच्या बाजूने मात्र त्या उष्णतेने जुना रंग जळून गेलेला असतो आणि उघडं पोलाद एक पावसाळासुद्धा काढत नाही. जिथे हात पोचतो तिथे पाठीमागूनही प्राइमर आणि पोचत नाही तिथे मेण. मेणाकडे येतोच.

बाकीच्या वरवरच्या गंजाची सफाई. ढलप्या आधी छिन्नीने आणि चिपिंग हातोडीने पाडा. यंत्र नंतर. ग्राइंडरला वायर कप लावून सगळे सुरुवात करतात, पण एक लक्षात घ्या: वायर कप गंज काढण्यापेक्षा त्याला पॉलिश जास्त करतो. जागा काळपट, चमकदार दिसते आणि साफ झाल्यासारखी वाटते. भिंगातून बघितलंत तर प्रत्येक खड्ड्यात गंज दाबून बसवलेला दिसेल. पोलाद राखाडी-पांढरं दिसायला हवं, काळं चमकणारं नाही. त्यासाठी नायलॉनची जाळीदार स्ट्रिप डिस्क किंवा ६० नंबरची फ्लॅप डिस्क हलक्या हाताने. डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क.

ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा) करून मिळत असेल तर चासी आणि ॲक्सलसाठी त्यासारखं काही नाही, पण बॉडीच्या पत्र्यावर नको, त्या माऱ्याने पत्र्याला लाटा पडतात. आणि नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्याकडे जाऊ नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती परत निघत नाही, शिवाय समुद्राची वाळू म्हणजे पुन्हा मीठच. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग वापरणारा शोधा.

घासून झालं की धुवायचं. इथे बहुतेकांना वाटतं की उघड्या पोलादावर पाणी मारणं म्हणजे वेडेपणा. समुद्राकाठी ते न करणं जास्त महागात पडतं. नळाचं गोडं पाणी भरपूर, शक्यतो कोमट, खड्ड्यांत ब्रश चालवत. मग कापडाने पुसून ब्लोअरने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवा. आता एक परीक्षा: रात्रभर तसंच सोडा. सकाळी सगळीकडे एकसारखी पिवळसर झाक आली असेल तर ती साधी, पेपर मारला की जाते. पण काही ठिपके गडद, ओलसर, घाम फुटल्यासारखे दिसले तर तिथे खड्ड्यात मीठ शिल्लक आहे. तेवढ्या जागा पुन्हा घासा, पुन्हा धुवा. दोन-तीन फेऱ्या होतात. कंटाळवाणं काम आहे, पण वरच्या रंगाचं आयुष्य इथे ठरतं.

रस्ट कन्व्हर्टर वापरावा का? हो, पण कशासाठी ते कळून. फॉस्फोरिक ॲसिडवाला द्रव पातळ गंजाचं लोह-फॉस्फेट करतो, टॅनिक ॲसिडवाला निळसर काळा थर देतो. दोघेही काही शे मायक्रॉन जाडीच्या ढलपीच्या तळापर्यंत पोचत नाहीत. वरचा थर काळा होतो, खालचा लाल राहतो. त्यामुळे घासूनही खड्ड्यांत राहिलेल्या गंजापुरता, ब्रशने, पातळ हात. फॉस्फोरिकवाला वाळून चिकट राहिला तर जास्त झालाय, पाण्याने धुऊन वाळवा. ओल्या ॲसिडवर इपॉक्सी प्राइमर चढवलात तर तो साल निघाल्यासारखा येतो. चकचकीत साफ पत्र्यावर कन्व्हर्टरची गरज नाही.

कंस, क्लँप, बोल्ट, दिव्यांच्या पट्ट्या अशा सुट्या वस्तूंना बादली पुरे. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर बुडवा, सकाळी ब्रश मारा, मग सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवा. घाई नसेल तर मळी: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, एक ते दोन आठवडे. वास असा की शेजारी विचारपूस करायला येतील, पण चांगल्या धातूला ती फारसा धक्का लावत नाही. ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. इलेक्ट्रोलिसिस करायचं असेल तर २० लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोक वस्तूला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेसची पट्टी लावायची नाही, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून उघड्यावर आणि विडी-काडी लांब. पाटे, स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यात घालू नका, ते ठिसूळ होतात.

आता रंगाचा डबा. गॅरेजात तुम्हाला रेड ऑक्साइड सुचवतील. तो वाईट नाही, खिडकीच्या गजांना ठीक आहे, पण एकटा असताना पाणी झिरपू देतो. जीपच्या खालच्या अंगाला दोन घटकांचा इपॉक्सी प्राइमर, झिंक फॉस्फेटवाला मिळाला तर आणखी चांगलं. हार्डनरचं (घट्ट करणाऱ्या दुसऱ्या घटकाचं) प्रमाण डब्यावर दिलेलं तंतोतंत, डोळ्याच्या अंदाजाने नाही. मिसळल्यावर डब्यावर सांगितलं असेल तितकी मिनिटं थांबायचं आणि उन्हाळ्यात कमी कमी कालवायचं, कारण भांड्यातच घट्ट होतं. पहिला हात फवाऱ्याने नको. आधी ब्रशने फक्त कडा, वेल्डिंगच्या रेघा, बोल्टची भोकं आणि रिबिटांच्या टोप्या रंगवा. रंग वाळताना कडेवरून मागे सरकतो आणि सगळ्यात पातळ तिथेच राहतो, म्हणून गंजही कडेपासून सुरू होतो. त्यानंतर पूर्ण दोन हात. दुसऱ्या हातानंतर सांध्यांत पॉलियुरेथेनचा सीम सीलर भरा. प्राइमरच्या आधी उघड्या पत्र्यावर सीलर भरायचा नाही. इपॉक्सी उन्हात पावडर सोडतो, तेव्हा जिथे ऊन लागतं तिथे वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पीयूच्या हार्डनरसाठी साधा कापडी रुमाल चालत नाही, वायूसाठीचा काडतुसाचा मास्क लागतो.

वेळ कुठली? दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पण या दिवसांत कोकणात पहाटे दहिवर पडतं, म्हणून सकाळी दहानंतर सुरू करून तीनपर्यंत हात आवरा. परीक्षा सोपी: ओल्या फडक्याने पत्र्यावर एक पट्टा ओढा. पंधरा मिनिटांत तो वाळू लागला नाही तर त्या दिवशी रंग नाही.

आता त्या दोन सल्ल्यांकडे. ‘टेफ्लॉन कोटिंग’ हे नाव मोठं आहे, बहुतेक ठिकाणी तो डांबर किंवा रबर मिसळलेला जाड काळा थर असतो. नव्या, साफ, प्राइमर मारलेल्या पत्र्यावर दगड-खडीपासून वाचवायला तो कामाचा आहे. गंजलेल्या जुन्या चासीवर मात्र तो सगळ्यात वाईट. दगड लागून एक चीर पडते, तिथून पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. वरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं, हातोडी मारली की आतून तांबडी पूड गळते. गंज उघडा असला तर निदान दिसतो तरी.

जळकं ऑइल काही अंशी काम करतं, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. पण त्यात ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूचे कण असतात, ते रबरी बुश फुगवतं, ब्रेक ड्रममध्ये गेलं तर लायनर संपले, कातडीला घातक आहे, आणि पहिल्या पावसात धुऊन तुमच्याच विहिरीच्या वाटेला लागतं. तेच काम ल्युब्रिकंटच्या दुकानात मिळणारं रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल स्वच्छपणे करतं. त्याहून चिवट हवं तर लॅनोलिन, म्हणजे लोकरीचं मेण. एक किलो लॅनोलिन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करा, आच बंद करून, जाळापासून लांब नेऊन त्यात लिटरभर मिनरल टर्पेंटाइन ढवळा. गार झाल्यावर मधासारखं होतं. फवारणीला आणखी थोडं टर्पेंटाइन. चॅनेलमध्ये, बंद पेट्यांत आणि हँगरच्या फटींत हे लांब नळीच्या नोझलने आत सोडायचं, पलीकडच्या भोकातून ओघळ दिसेपर्यंत. एका जीपला दोन-तीन लिटर लागतं. ब्रेक, एक्झॉस्ट, क्लच आणि रबरी बुश झाकून घ्या. विलीसच्या घराण्यातल्या चासीत काही भाग उघडे आणि काही आतून पट्टी मारून पेटीसारखे बंद असतात. उघडा भाग डोळ्यांनी दिसतो म्हणून वाचतो, बंद भाग आतून जातो. तुमच्याकडे पुढेमागे मारुती जिप्सी आली तर तिथे हे आणखी महत्त्वाचं, तिची चासी पेटीचीच आहे.

मेण घालण्याआधी पाण्याला वाट हवी. तळपत्र्याच्या चॅनेलला सगळ्यात खालच्या जागी आठ मिलिमीटरची निचऱ्याची भोकं असतील तर तारेने मोकळी करा, नसतील तर पाडा आणि कडांना प्राइमर लावा. चासीच्या दांड्याच्या वरच्या-खालच्या कडांना मात्र नवीन भोक पाडू नका.

एवढ्या सगळ्यात ब्रेकच्या नळ्या राहून जातात. पोलादी नळीवर क्लिपच्या खाली गंज धरतो आणि क्लिप काढेपर्यंत दिसत नाही. नखाने खरवडून खडबडीत लागली तर नळी बदला, पॉलिश पेपर मारून रंगवू नका. नवी घ्याल तेव्हा कॉपर-निकेलची मिळाली तर गंजाचा प्रश्नच मिटतो. साधी तांब्याची नळी, फ्रिजवाल्याकडची, ब्रेकला चालत नाही. आणि गच्च बसलेले नट सोडताना घाईने तोडू नका: एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि ॲसिटोन समसमान मिसळून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ थेंब सोडा, तरीही न सुटल्यास नटाला आच द्या, बोल्टला नाही. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा आच देण्याआधी पुसून घ्या.

कामाचा क्रम पुन्हा एकदा, कारण वर बरंच पसरलंय: ठोकून तपासणी, माती काढणं, चासीची प्लेट, चॅनेल, पत्रा, घासणं, धुणं, रात्रभराची परीक्षा, इपॉक्सी, सीलर, रंग, आणि सगळ्यात शेवटी मेण. मेण आधी गेलं तर त्यावर ना वेल्डिंग होतं ना रंग धरतो.

त्यानंतर दरवर्षी दोन दिवस द्यावे लागतील. मेअखेरीस मेणाचा हात आणि निचऱ्याची भोकं. ऑक्टोबरात गाडी खालून धुऊन, वाळवून, पुन्हा ठोकून पाहणं आणि नवे ठिपके लहान असतानाच साफ करणं. किनाऱ्यावर किंवा खाडीच्या पाण्यात गाडी गेली तर त्याच दिवशी गोडं पाणी. प्रेशर वॉशर लागतोच असं नाही, बागेचा फिरता फवारा गाडीखाली अर्धा तास ठेवला तर तो कोपऱ्यांत जास्त चांगला पोचतो. चाकं पाण्यात बुडाली असतील तर ॲक्सलचं ऑइल थोडं काढून पाहा, ताकासारखं दिसलं तर पूर्ण बदला आणि हबचं ग्रीसही. आतली रबरी मॅट आणि तिच्याखालचा फेल्ट काढून टाका, पायाखालच्या पत्र्याला मॅटसारखा शत्रू नाही. ताडपत्रीही काढा. ती पाऊस अडवते पण खालून उठणारी वाफ कोंडते. झापांचं किंवा पत्र्याचं छप्पर, चारी बाजू मोकळ्या आणि खाली मातीऐवजी कोबा किंवा फरशी, हे सगळ्यात स्वस्त गंजरोधक.

आणि एक, हे मात्र आजच करा. तुमच्या तिसऱ्या फोटोत मागचं चाक काढलेलं आहे आणि जॅक बरोबर हँगरच्या मागे, पापुद्रे सुटलेल्या जागी लावलेला दिसतोय. तो तिथून काढा आणि ॲक्सलच्या नळीखाली घ्या, शेजारी स्टँड द्या. त्या जागी हातोडी कशी वाजते आणि दोन पत्र्यांत फट किती मिलिमीटरची आहे, एवढं मोजून कळवलंत तर प्लेट केवढी लागेल ते सांगतो.